हात आमचा, सही साहेबांची : एका परिपत्रकाचे वाचन

१

आपल्या समीक्षेने मराठीत एक साधा प्रश्न रुजवला. मजकूर कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला आणि त्यात कोण आलेलेच नाही? कथा, कविता, आत्मकथन यांना हा प्रश्न आपण गेली पन्नासएक वर्षे विचारीत आलो. शासनाच्या कागदाला मात्र तो फारसा विचारला नाही. शासनाचा कागद म्हणजे साहित्य नव्हे, हे मान्य आहे. पण आपल्या वस्तीत कवितेपेक्षा कितीतरी जास्त वाचला गेलेला मजकूर म्हणजे हा कागदच होय. ज्या कागदाने घरात चूल पेटते किंवा विझते, तो समीक्षेच्या बाहेर का ठेवावा?

मी सातवीत असताना माझ्या वडिलांना नगरपालिकेचा एक मेमो आला होता. ते सफाई खात्यात होते. त्यांची अक्षरओळख हजेरीपुस्तकातल्या स्वतःच्या नावापुरतीच होती. म्हणून मेमो मी वाचून दाखवला. 'विनापरवानगी गैरहजर', 'समाधानकारक खुलासा', 'सेवेत खंड' हे शब्द मला उच्चारता आले, पण कळले नाहीत. वडिलांना ते उच्चारता येत नव्हते, पण अर्थ पुरता कळला होता. पुढे मी पदवीधर झालो, महाविद्यालयात मराठी शिकवू लागलो. तरीही आपल्या माणसांसाठी वाचलेला पहिला मजकूर कोणता असे कोणी विचारले, तर मला त्या मेमोचेच नाव घ्यावे लागेल.

म्हणून या लेखात मी एका परिपत्रकाचे वाचन करणार आहे. महाराष्ट्र शासनाच्या सामान्य प्रशासन विभागाने २८ जुलै २०२५ रोजी शासकीय कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापराबाबत ते काढले. राज्य शासनाचे कर्मचारी, प्रतिनियुक्तीवरचे, कंत्राटी, मंडळे-महामंडळे आणि स्थानिक स्वराज्य संस्था असे सारेच त्याच्या कक्षेत आहेत. म्हणजे नगर परिषदेचा कारकून, ग्रामपंचायतीचा संगणकचालक आणि पहाटे झाडू घेऊन निघणारी बाई ही सारी माणसे या एका कागदाच्या छताखाली आली आहेत. छत एकच असले, तरी पाऊस सर्वांवर सारखा पडतो का, हे पाहणे हा या वाचनाचा हेतू आहे.

२

परिपत्रकात काय आहे ते आधी नीट सांगितले पाहिजे. विरोध करण्यापूर्वी समोरच्याचे म्हणणे पुरते मांडायचे, ही शिस्त बाबासाहेबांच्या लेखनाने आपल्याला लावली आहे.

वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवावीत. बंदी असलेली संकेतस्थळे व ॲप वापरू नयेत. कार्यालयीन समन्वयासाठी व्हॉट्सॲप, टेलिग्राम वापरता येईल. शासनाच्या योजनांच्या यशाबद्दल लिहिता येईल, मात्र त्यात आत्मस्तुती नसावी. पदनाम, शासकीय बोधचिन्ह, गणवेश, शासकीय वाहन व इमारत यांचा वैयक्तिक खात्यावरील छायाचित्रांत किंवा रीलमध्ये वापर करू नये. गोपनीय कागदपत्रे पूर्वपरवानगीशिवाय टाकू नयेत. द्वेषमूलक, बदनामीकारक, भेदभाव करणारा मजकूर पसरवू नये. बदली झाली की कार्यालयीन खाते रीतसर सोपवावे. आणि राज्य शासनाच्या किंवा देशातील कोणत्याही शासनाच्या चालू अथवा अलीकडच्या धोरणावर प्रतिकूल टीका करू नये. उल्लंघन झाल्यास १९७९ च्या शिस्त व अपील नियमांनुसार कारवाई होईल.

यातल्या बहुतेक गोष्टींना विरोध करण्याचे मला कारण दिसत नाही. नगर परिषदेकडे लोकांचे आधार क्रमांक असतात, विधवा पेन्शनच्या याद्या असतात, जातीचे दाखले असतात, एखाद्या बाईने केलेली तक्रार असते. हे कागद कोणाच्या फोनमधून फिरू लागले तर पहिला घाव दुबळ्या माणसावरच बसतो.

खोटा मजकूर माणसे मारतो, हेही आपण पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना मुले पळविणारी टोळी समजून जमावाने ठार केले. भिक्षा मागत फिरणारी माणसे ती. त्यांच्या आधी फोनवरून अफवा गावोगाव पोचली होती. त्यांना कोंडून मारले ती खोली ग्रामपंचायत कार्यालयाची होती. स्थानिक स्वराज्य संस्थेच्या भिंतींनी हे पाहिले आहे. तेव्हा 'बंधनेच नकोत' असे म्हणणाऱ्यांत मी नाही. बंधन कोणावर, कशासाठी आणि कोणाच्या सोयीने, एवढाच माझा प्रश्न आहे.

३

प्रत्येक मजकुराला एक अभिप्रेत वाचक असतो. लेखकाच्या डोळ्यांपुढे कोण आहे, हे मजकुराच्या तपशिलावरून कळते. शासनाच्या या प्रकारच्या कागदांच्या डोळ्यांपुढे कोण आहे?

जुलै २०२१ मध्ये याच विभागाने कार्यालयातील मोबाइल वापराबाबत शिष्टाचार सांगितले होते. कार्यालयीन वेळेत शक्यतो दूरध्वनी म्हणजे लँडलाइन वापरावी, मोबाइलवर हळू बोलावे, समाजमाध्यमे वापरताना वेळेचे आणि भाषेचे भान ठेवावे, असा त्याचा आशय होता. सूचना चांगल्या आहेत. पण त्या वाचताना डोळ्यांपुढे एक चित्र उभे राहते. टेबल आहे, खुर्ची आहे, टेबलावर लँडलाइन आहे, समोर अभ्यागत बसला आहे. हा कर्मचारी खरा आहे, पण तो एकटाच कर्मचारी नाही. रस्ता झाडणाऱ्या बाईच्या हाताशी लँडलाइन कुठली? मुकादमाचा निरोप तिला मोबाइलवरच येतो, तोही पहाटे पाचला. तो फोन तिचा, त्याचे रिचार्ज तिचे आणि हुकूम मात्र कार्यालयाचा.

हा दुसरा कर्मचारी शिष्टाचाराच्या कागदात नसतो. तो दुसऱ्याच यंत्रात असतो. नागपूर महानगरपालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळे बांधली. माणूस कुठे आहे, किती वेळ एका जागी थांबला, हे कार्यालयातल्या पडद्यावर दिसू लागले. रोजगार हमीच्या कामावर १ जानेवारी २०२३ पासून मजुरांची हजेरी ॲपवर, छायाचित्रासह घेणे देशभर सक्तीचे झाले. नेटवर्क नसले की हजेरी लागत नाही, आणि हजेरी लागली नाही की दिवसाची मजुरी धोक्यात येते.

म्हणजे इंटरनेटच्या वापराचे नियम दोन प्रकारचे आहेत. वरच्यासाठी परिपत्रक आणि खालच्यासाठी घड्याळ. वरच्याला सांगितले जाते की तू इंटरनेट असे वापर. खालच्याला काही सांगितलेच जात नाही, इंटरनेटच त्याला वापरून घेते. परिपत्रक माणसाला सूचना देते, म्हणजे निदान त्याला समज आहे असे तरी धरते. घड्याळ एवढेही धरत नाही. आणि घड्याळ कोणाच्या मनगटावर आले, हे पाहायला जातीच्या रकान्याची गरज पडत नाही. झाडू कोणाच्या हातात आहे ते पाहिले की पुरे.

४

आता ई-मेलकडे येऊ. केंद्र शासनाने २०१४ साली आपले ई-मेल धोरण आणि माहिती तंत्रज्ञान साधनांच्या वापराचे धोरण ठरवले. सरकारी पत्रव्यवहार खाजगी कंपनीच्या ई-मेलवरून न होता शासनाच्या सेवेवरून व्हावा, पासवर्ड दुसऱ्याला देऊ नये, आपल्या खात्यावरून जे जाईल त्याची जबाबदारी आपली, ही त्यातली मुख्य सूत्रे. त्यात एक बारकावा आहे. अधिकाऱ्याने शक्यतो दोन पत्ते ठेवावेत, एक पदनामाचा आणि एक नावाचा. पदनामाचा पत्ता खुर्चीबरोबर राहतो आणि पुढच्याकडे जातो. नावाचा पत्ता माणसाबरोबर जातो.

ही कल्पना मला समीक्षक म्हणून फार बोलकी वाटते. खुर्चीला एक वाचा, माणसाला एक वाचा. पण ज्याला खुर्चीच नाही त्याचे काय?

माझा एक मावसभाऊ एका नगर परिषदेत आहे. गावाचे आणि त्याचे नाव लिहीत नाही, लिहिले तर त्याला दुसरी नोटीस येईल. तो बी. कॉम. आहे. त्याचे वडील सफाई कामगार होते. त्यांच्या जागी लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार वारसा हक्काने त्याला नोकरी मिळाली. कागदावरचे पद सफाई कामगार. संगणक येतो हे कळल्यावर दुसऱ्याच महिन्यात त्याला तोंडी आदेशाने कार्यालयात बसवले. आवक-जावकची नोंद तो करतो. ई-मेल तो उघडतो, उत्तरे तो टंकतो, जिल्ह्याच्या कार्यालयाला माहिती तो पाठवतो. हे सगळे साहेबांच्या नावाच्या खात्यातून होते. पासवर्ड साहेबांना आठवत नाही, त्याला पाठ आहे. पगार सफाई कामगाराचा, काम कारकुनाचे, सही अधिकाऱ्याची. पदोन्नतीची गोष्ट काढली की उत्तर मिळते, 'तुझं मूळ पद काय ते बघ.' आणि बाहेर चेंबर तुंबले, माणसे कमी पडली की त्याला मूळ पदाची आठवण करून दिली जाते.

नियम म्हणतो, पासवर्ड कोणाला देऊ नये. उद्या त्या खात्यातून काही भलतेच गेले तर जबाबदार कोण? नियमाच्या अक्षरानुसार खातेदार. पण हात कोणाचा चालला याची चौकशी झाली की गळ्यात येणार कोण, हे सांगायला नको. ज्याचे त्या खोलीत असणेच कागदावर नाही, त्याला बचावही कागदावर मिळत नाही. तोंडी आदेशाचा पुरावा कुठून आणायचा?

हे एकट्या माझ्या भावाचे नाही. ग्रामपंचायतींत पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून पैसे द्यायचे तर सरपंच आणि ग्रामसेवक (आताचे ग्रामपंचायत अधिकारी) या दोघांची डिजिटल सही लागते. ती सही एका डोंगलमध्ये असते. राखीव जागेवरून निवडून आलेल्या आपल्या किती सरपंच बायांचा डोंगल त्यांच्या स्वतःच्या कपाटात आहे, हे कार्यकर्त्यांनी एकदा आपापल्या गावात विचारून पाहावे. पूर्वी अंगठा धरून उठवला जायचा. आता अंगठ्याचीही गरज राहिली नाही, डोंगल कोणाच्या तरी खिशात असला की झाले. इथे अगदी उलटे घडते. माझ्या भावाचा हात वापरला जातो, सही दुसऱ्याची असते. सरपंच बाईची सही वापरली जाते, हात दुसऱ्याचा असतो. दोन्ही ठिकाणी आपला माणूस अर्धाच कार्यालयात येतो.

पासवर्ड गुप्त ठेवा, हा नियम दोन माणसे बरोबरीची आहेत असे गृहीत धरतो. साहेबाने मागितला तर 'देणार नाही' म्हणण्याची ताकद ज्याला आहे, त्याच्यासाठीच तो नियम आहे. विषमता जिथे आहे तिथे समान नियम लिहून समता येत नाही, हे आपण मंदिराच्या दारापासून वसतिगृहाच्या खानावळीपर्यंत शिकलो आहोत.

५

आता त्या नोटिशीकडे वळतो.

२०२५ च्या पावसाळ्यात माझ्या भावाने आपल्या फोनवर एक स्टेटस ठेवले. तुंबलेल्या गटाराच्या चेंबरमध्ये कमरेपर्यंत उतरलेला एक सहकारी. हात उघडे, पाय उघडे. खाली एक ओळ : 'पाऊस आला, हातमोजे वाटेत आहेत.' चोवीस तासांत स्टेटस आपोआप गेले. पण कोणीतरी त्याचे छायाचित्र काढून वरती पोचवले होते. दोन दिवसांनी कारणे दाखवा नोटीस निघाली. नव्या परिपत्रकाचा हवाला, शासनाची प्रतिमा मलिन केल्याचा ठपका आणि तीन दिवसांत खुलासा.

ती नोटीस टंकली कोणी? त्यानेच. कार्यालयात दुसऱ्या कोणाला नीट टंकता येत नाही. साहेबांनी हाताने लिहिलेला कच्चा मसुदा शिपायाने आणून त्याच्या टेबलावर ठेवला. आपल्याच नावाची नोटीस त्याने टंकली, छापली, सहीला नेली, जावक क्रमांक घातला, प्रत ई-मेलने जिल्ह्याला पाठवली आणि मग पोच म्हणून खाली सही केली. संध्याकाळी माझ्याकडे आला तेव्हा एवढेच म्हणाला, 'दादा, मसुद्यात शुद्धलेखनाच्या चुका होत्या. त्या मीच दुरुस्त केल्या.'

मी हे ऐकले आणि मला गावच्या महारकीची आठवण झाली. वतनदार महाराची जी कामे असत त्यांत एक सांगाव्याचे होते. सरकारी टपाल, वसुलीचा भरणा, मृत्यूची बातमी, पाटलाचा निरोप हे सारे गावोगाव पायी पोचवायचे. गावाचे सारे दळणवळण त्याच्या पायांवर चाले. पण चिठ्ठीत काय आहे ते वाचण्याचा त्याला अधिकार नव्हता आणि अक्षरही येऊ दिलेले नव्हते. चिठ्ठीत त्यालाच फटके मारा असे लिहिले असते तरी ती त्यानेच पोचवली असती. बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, त्यामागे ही गुलामी होती. ते पुढे त्यांना मागे घ्यावे लागले. कनिष्ठ ग्रामवतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडावे लागले.

माझा भाऊ वाचू शकतो, एवढा फरक शंभर वर्षांत पडला. हा फरक लहान नाही, तो शिक्षणाने आणि चळवळीने मिळवला आहे. पण व्यवस्थेने त्याच्याकडून जे मागितले ते बदलले का? तू निरोप ने. निरोप तुझा नसावा. साहेबांच्या नावाने तू दिवसाला चाळीस पत्रे लिही, त्यात तुझी भाषा चालते, तुझे शुद्धलेखन चालते. स्वतःच्या नावाने एक ओळ लिहिलीस तर खुलासा दे. १९२० च्या ३१ जानेवारीला 'मूकनायक' निघाले ते याच मुकेपणावर बोलण्यासाठी. मुका म्हणजे ज्याला जीभ नाही तो नव्हे. ज्याची जीभ दुसऱ्याच्या कामाला जुंपली आहे तो.

पुन्हा मजकुराकडे येऊ. परिपत्रकाने बंदी घातली आहे ती शासनाच्या धोरणावरील प्रतिकूल टीकेवर. माझ्या भावाने धोरणावर टीका केली का? संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात, सेप्टिक टँकमध्ये उतरवणे २०१३ च्या कायद्याने निषिद्ध आणि शिक्षापात्र आहे. २० ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा कामात मरण आलेल्यांच्या कुटुंबाला द्यायची भरपाई दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली. म्हणजे हातमोजे द्यावेत हेच शासनाचे धोरण आहे. त्या धोरणाच्या बाजूने बोलणारा माझा भाऊ होता. त्याला कारवाईवरची टीका म्हणावे, तर कारवाई झालेलीच नव्हती, हातमोजे आलेलेच नव्हते. असे असूनही धोरण मोडणारा नोटीस काढतो आणि धोरण पाळा म्हणणारा खुलासा देतो. परिपत्रकाच्या शब्दांत हे बसत नाही. पण परिपत्रक जेव्हा तालुक्याच्या गावी पोचते तेव्हा त्याचे शब्द मागे राहतात आणि 'बोलू नका' एवढाच अर्थ पुढे येतो. सैल शब्दांचा हा दोष आहे. 'प्रतिकूल टीका' म्हणजे काय, हे ठरवण्याचा अधिकार ज्याच्यावर टीका झाली त्याच्याच हाती राहतो.

६

नोकरी पत्करली म्हणजे नागरिकत्व गहाण टाकले काय? न्यायालयांनी या प्रश्नाला वेळोवेळी उत्तर दिले आहे. १९६२ मध्ये कामेश्वर प्रसाद विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी नोकरांना निदर्शने करण्यास सरसकट मनाई करणारा नियमाचा भाग रद्द ठरवला. संपाचा मूलभूत हक्क मात्र मानला नाही. जानेवारी २०२० मध्ये त्रिपुरा उच्च न्यायालयाने, निवृत्तीच्या तोंडावर असलेल्या एका महिला कर्मचाऱ्यावर सभेला हजर राहिल्याबद्दल आणि फेसबुकवर लिहिल्याबद्दल झालेली कारवाई रद्द केली. सरकारी नोकराला भाषणस्वातंत्र्य असते, वर्तणूक नियमांच्या मर्यादेत ते त्याला वापरता येते, असा निर्वाळा दिला. ७ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोल्हापूर जिल्ह्यातील एका महाविद्यालयीन प्राध्यापकावरचा गुन्हा रद्द केला. त्याने व्हॉट्सॲप स्टेटसवर कलम ३७० रद्द करण्याच्या निर्णयावर टीका केली होती. शासनाच्या निर्णयावर टीका करण्याचा नागरिकाला हक्क आहे, असे न्यायालयाने सांगितले. तो प्राध्यापक सरकारी नोकर नव्हता आणि तो खटला फौजदारी होता, हा फरक मी लपवीत नाही. पण स्टेटसची एक ओळ हीही अभिव्यक्ती आहे, एवढे त्यातून पक्के झाले.

तरीही न्यायालयाचा रस्ता लांब आणि खर्चाचा. सफाई कामगाराने खुलासा तीन दिवसांत द्यायचा असतो. म्हणून नियमातच दार ठेवणे आवश्यक आहे. असे दार कुठेच नाही असेही नाही. केंद्राच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत काही प्रवर्गांच्या कर्मचाऱ्यांसाठी एक सवलत आहे. कामगार संघटनेचा पदाधिकारी म्हणून, सेवेच्या अटी सांभाळण्यासाठी किंवा सुधारण्यासाठी सद्भावनेने मत मांडले, तर ती टीकेच्या बंदीत धरली जात नाही. हे तत्त्व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शेवटच्या कामगारापर्यंत आणायला काय हरकत आहे?

दार नसले की ते मिळून उघडावे लागते. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाइल परत केले. फोन निकृष्ट आहेत, पोषण ट्रॅकर ॲप इंग्रजीत आहे, त्यात माहिती भरायची कशी, हे त्यांचे म्हणणे होते. एका बाईने हेच स्टेटसवर लिहिले असते तर कदाचित तिला मेमो आला असता. हजारोंनी फोन टेबलावर आणून ठेवले तेव्हा तो प्रश्न झाला. यातून मला एवढेच दिसते की एकट्याची ओळ 'उल्लंघन' ठरते आणि संघटनेची तीच ओळ 'मागणी' ठरते.

७

नुसता नकार देऊन मी थांबणार नाही. असे नियम आपल्या बाजूने लिहायचे झाले तर निदान पाच गोष्टी त्यांत असाव्यात.

पहिली, गुप्तता आणि टीका यांच्यात स्पष्ट भेद. लोकांची माहिती फोडणे हा अपराध आहे. कामाच्या जागेवरचा धोका दाखवणे हा अपराध नाही. दुसरी, स्वतःच्या सेवेच्या अटी, सुरक्षा, वेतन आणि जातीय वागणूक यांबद्दल बोलणाऱ्याला संरक्षण. तिसरी, जो ज्या खात्यावर काम करतो त्याचे नाव कागदावर. तोंडी आदेशाने कोणाचा हात वापरू नये. वापरला तर त्या कामाचे पद आणि वेतन द्यावे. चौथी, नियम सर्वांना कळतील अशा मराठीत असावेत आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना हजेरीच्या जागी वाचून दाखवावेत. स्थानिक प्राधिकरणांचा कारभार मराठीत व्हावा म्हणून २०२२ साली राज्याने स्वतंत्र कायदा केला आहे. पण 'करण्यात यावे', 'निदर्शनास आले आहे' ही कर्ता हरवलेली मराठी कोणाला कळते? कोणी केले, कोणाच्या निदर्शनास आले? कर्ता लपवणारी भाषा जबाबदारीही लपवते.

पाचवी गोष्ट अंमलाची. परिपत्रकात भेदभाव करणाऱ्या मजकुराला मनाई आहे. हे कलम आपल्या उपयोगाचे आहे. कार्यालयांच्या गटांवर आरक्षणाची टिंगल करणारे विनोद, ॲट्रॉसिटी कायद्याला 'हत्यार' म्हणणारे मजकूर, १४ एप्रिलच्या मिरवणुकीवरची टोमणेबाजी रोज फिरत असते. हे पुढे ढकलणाऱ्या किती जणांना नोटीस गेली, हे माहितीच्या अधिकारात विचारण्यासारखे आहे. कार्यकर्त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी आपापल्या नगर परिषदेत, जिल्हा परिषदेत हा अर्ज टाकावा. या कलमाखाली काय झाले आणि टीकेच्या कलमाखाली काय झाले, या दोन आकड्यांची तुलना हीच या परिपत्रकाची खरी समीक्षा ठरेल. माझा लेख ही फक्त तिची प्रस्तावना आहे.

आपल्याही एका दोषाची कबुली दिली पाहिजे. आपल्यातली शिकलेली माणसे, त्यात मीही आलो, परिपत्रक आले की आधी आपली खाती तपासतो, जुन्या ओळी पुसतो आणि गप्प बसतो. भाऊ नोटीस घेऊन आला तेव्हा मलाही पहिल्यांदा हेच सुचले. 'माफी मागून टाक, विषय मिटव,' असे मी म्हणालो होतो. त्याने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, 'माफी मागितली तर हातमोजे कोण मागणार?' मग आम्ही रात्री बसून खुलासा लिहिला. माझी अलंकारिक वाक्ये त्याने खोडली. शेवटी चार ओळी राहिल्या. छायाचित्र खरे आहे. साधने मिळाली नव्हती. २०१३ च्या कायद्याने ती देणे बंधनकारक आहे. म्हणून ती त्वरित द्यावीत, ही विनंती. खाली त्याचे नाव आणि मूळ पद.

तो खुलासा साहेबांच्या खात्यातून न पाठवता त्याने हाताने लिहून दिला आणि आवक क्रमांक घेतला. ज्या नोंदवहीत तो रोज दुसऱ्यांची पत्रे नोंदवतो, तिच्यात त्या दिवशी त्याच्या नावाचे पत्र नोंदले गेले. हातमोजे दिवाळीनंतर आले. खुलाशाला उत्तर अजून आलेले नाही.